हरभऱ्याची खुडणी

मार्गशीर्षांत पंचगंगेकांठच्या रानांतील हरभरा वीतभर झाला कीं बायका ओटी बांधून शेंडे खुडावयास निघतात. ही चाल केवळ भाजीसाठीं पडली असें पुष्कळांस वाटतें. परंतु पिकाचेंहि तींत हित आहे.

रोपाच्या शेंड्यांत वाढीचा जो रस उत्पन्न होतो, तो खालीं उतरून बगलेंतील डोळ्यांस दाबून ठेवितो. इ. स. १९३३ मध्यें थिमन व स्कूग या अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं बाकल्याच्या रोपांचे शेंडे कापून त्या जागीं हा रस लाविला, तेव्हां शेंडा नसतांहि खालचे डोळे दबूनच राहिले. निपाणी भागांत तंबाखूचा शेंडा खुडतात, तेथें मागाहून येणारे बगलेचे फुटवे पुनःपुन्हां काढावे लागतात, कारण बळ पानांत हवें. हरभऱ्यांत तेच फुटवे आपणांस हवे; घाटे त्यांजवरच धरतात.

पेरणीपासून ३० ते ४० दिवसांत, कळी दिसण्यापूर्वीं, वरचा कोंवळा शेंडा तेवढाच खुडावा. दंव सुकल्यावर खुडावा. ओल्या आंबीनें बोटें चरचरतात हें बायकांस सांगणें नको. जमिनींत ओल बेताची असेल किंवा पेरणी उशिराची असेल, तर खुडूं नये. नव्या फुटव्यांस फुलावयास दिवसच उरत नाहींत.

आम्हीं हें शिकलों तें नुकसानीनें, आणि तें नुकसान मुख्यतः आमचें नव्हतें. एके वर्षीं भाजीस भाव बरा पाहून आम्हीं कळी दिसत असतांहि तिसऱ्यांदा खुडणी करविली. झाडें हिरवींगार फुटलीं, ओल सरली आणि घाटे पोचट राहिले. भाजीचे पैसे आमच्या पदरीं पडले होते; वाटेकऱ्याचा हिस्सा मात्र धान्यांतच ठरलेला. खळ्यावर तो कांहीं बोलला नाहीं. पुढील सालीं त्यानें आमचें रान केलें नाहीं. तेव्हां रान वाट्यानें देणाऱ्यांनीं खुडणी किती वेळां व भाजी कोणाची, हें पेरणीपूर्वींच ठरवून घ्यावें.

ज्यांस खुडणीचा भरंवसा वाटत नसेल त्यांनीं यंदा शेताच्या मध्यभागीं चार ओळी न खुडतां राखाव्या, शेजारच्या चार खुडाव्या, आणि दोहोंची मळणी निराळी करून धान्य तोलून पाहावें. बांधालगतच्या ओळी मात्र या कामीं घेऊं नयेत. तेथें जनावरांचें तोंड लागतें.