सन्मान कशाचा? पंडिता रमाबाईंच्या सेवेवरून धडा

वाचावयाचा भाग : मत्तय 25 : 31-40

मुंबईंतील गिरगांवची फणसवाडी पुष्कळांस ठाऊक असेल. तेथून थोड्याच अंतरावर, चौपाटीजवळ, 11 मार्च 1889 रोजीं पंडिता रमाबाईंनीं विधवांकरितां 'शारदा सदन' उघडलें. दहा वर्षांच्या खर्चाची हमी अमेरिकेंतील मित्रमंडळींनीं घेतली होती. पण आरंभीं विद्यार्थिनी दोनच. त्यांतील गोदूबाई ह्याच पुढें महर्षि कर्वे ह्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या.

पुढील वर्षीं सदन पुण्यास गेलें. 1893 मध्यें धर्मांतराच्या शंकेवरून पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या, सल्लागारही दूर झाले. तरी बाईंनीं दार लावलें नाहीं. 1896-97 च्या दुष्काळांत त्या स्वतः मध्य प्रांतांत गेल्या आणि शेंकडों निराधार मुली व विधवा त्यांनीं घेऊन आल्या. त्यांच्यासाठीं केडगांवास 'मुक्ति' उभें राहिलें. नुसतें अन्न पुरे नव्हे हें जाणून त्यांनीं वाचन, विणकाम, शेती व छपाई शिकविली, जेणेंकरून मागणारा हात कमावता व्हावा.

1919 मध्यें सरकारनें त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिलें. तेव्हां सदनास 30 वर्षें झालीं होतीं. पदक आलें नसतें तरी त्या मुली वांचल्याच होत्या. सन्मान सेवेच्या मागून येतो, कधीं येतही नाहीं. सेवा मात्र दोघींपासूनही आरंभितां येते.

विचारार्थ प्रश्न :
1. मुली काढून नेल्या तेव्हां बाईंनीं काय केलें?
2. अन्नाबरोबर काम शिकविणें कां अगत्याचें होतें?
3. आपल्या गांवांत कोणत्या एकटीसाठीं आपलें दार बंद आहे?