पहिली पाच मिनिटे

हृदय अचानक बंद पडले की चार-पाच मिनिटांतच मेंदूला कायमची इजा होऊ लागते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. पण ती येईपर्यंतची मिनिटे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्याच हातात असतात.

कोसळलेल्या माणसाचे खांदे हलवून हाक मारावी. प्रतिसाद नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके दिसतात, तर एकाने १०८ लावावा; दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी हातावर हात ठेवून, कोपर न वाकवता, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यावा. मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर दबली पाहिजे व दर वेळी पूर्ण वर आली पाहिजे. दोन मिनिटांनी दाबणारा बदलावा. कांदा हुंगवणे, तोंडात पाणी घालणे यात वेळ जातो, आणि पाणी श्वासनलिकेत जाते ते वेगळेच!

हे नुसते वाचून येत नाही. २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या आरंभीच्या पायाभूत अभ्यासक्रमातच जीवरक्षणाचे धडे आहेत. नुकतेच शिकलेले विद्यार्थी हे चांगले शिकवतात, कारण हात कुठे चुकतो ते त्यांच्या ध्यानात ताजे असते. वस्तीतल्या अशा मुलामुलींचा आपण शाल देऊन सत्कार करतो. एका रविवारी त्यांच्याकडून पुतळ्यावर हा सरावही करून घ्यावा, असे आम्हास वाटते. बँकेत आम्ही अग्निशामक नळकांड्याची तारीख पाहतो, पण शेजारच्या टेबलावरचा सहकारी कोसळला तर कोण धावणार?

पोलिसांचा ससेमिरा लागेल म्हणून पुष्कळजण मागे सरतात. रस्ता अपघातात सद्हेतूने मदत करणाऱ्यास मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. त्याच्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही नाही.