सोडत, पारितोषिक आणि लोककल्याण

एखादा निर्णय दैवावर सोपविण्याची पद्धत मानवी समाजात फार जुनी आहे. भावाभावांत वाटणी करताना चिठ्ठ्या टाकल्या जातात. खेळाच्या मैदानावर कोणी आधी खेळावयाचे हे नाणे उडवून ठरते. यात कोणासही काही गैर वाटत नाही. परंतु तीच चिठ्ठी तिकिटाच्या रूपाने रस्त्यावरील टपरीत विक्रीस आली की तिच्याविषयी वाद सुरू होतो. कोणी तिला जुगार म्हणतो, कोणी गोरगरिबांची आशा म्हणतो, आणि राज्याचा अर्थमंत्री तिच्याकडे उत्पन्नाचे एक साधन म्हणून पाहतो. या मतभेदाचे मूळ सोडतीत नाही; सोडतीत भाग घेणारा मनुष्य काय पणाला लावतो आणि हरल्यावर त्याच्या हाती काय उरते, यात ते आहे. हे एकदा ध्यानात आले म्हणजे शासनाने सोडतीचा व पारितोषिकांचा उपयोग कोठे करावा आणि कोठे करू नये, हे ठरविणे बरेच सोपे होते.

वाटपाचे साधन

तमिळनाडूतील कांचीपुरमजवळ उत्तिरमेरूर नावाचे गाव आहे. तेथील मंदिराच्या भिंतींवर चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातील, दहाव्या शतकाच्या प्रारंभीचे शिलालेख आहेत. ग्रामसभेच्या समित्यांवरील सभासद कसे निवडावेत याचे नियम त्यांत कोरलेले आहेत. गावाचे 30 विभाग केलेले होते. प्रत्येक विभागातील पात्र व्यक्तींची नावे ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून ती एका घटात टाकीत आणि सर्वांसमक्ष एका लहान मुलाकडून त्यांतील एक उचलवीत. मात्र घटात कोणाचेही नाव पडत नसे. वय, जमीन आणि विद्या यांच्या अटी होत्या, आणि पूर्वी काम करून हिशेब न देणारास व त्याच्या आप्तांस मज्जाव होता. या अटींमुळे अनेक लोक बाहेरच राहत, हेही विसरता येत नाही. तरीही एक तत्त्व येथे स्पष्ट दिसते. पात्रता माणसांनी ठरवावी, आणि पात्र ठरलेल्या समानांमधून निवड करण्याचे काम चिठ्ठीवर सोपवावे. मग तेथे वशिला चालत नाही आणि ज्याची निवड झाली नाही त्याचा अपमानही होत नाही.

हेच तत्त्व आधुनिक भारताच्या कायद्यातही आढळते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांतील प्रवेशवर्गाच्या किमान 25 टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील बालकांसाठी ठेवल्या. त्याच कायद्याने प्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची छाननी करण्यास बंदी घातली. आणि छाननीची व्याख्या करताना यादृच्छिक पद्धतीखेरीज निवडीची अन्य कोणतीही पद्धत, असे म्हटले. अर्थात जागांपेक्षा अर्ज अधिक आले तर सोडत हाच मार्ग उरतो. शासकीय गृहनिर्माण मंडळांच्या घरांचे वाटप अनेक ठिकाणी असेच होते. येथे अर्जदार फारसे काही गमावीत नाही. ज्याला घर मिळाले नाही तो निराश होतो, पण त्याची अनामत त्याला परत मिळते.

रोजच्या व्यवहारातील भिशी हे याचेच घरगुती रूप होय. समजा, बारा जणी दरमहा प्रत्येकी 1,000 रुपये जमवितात. दरमहा चिठ्ठी निघते आणि जिचे नाव येईल तिला 12,000 रुपये मिळतात. बारा महिने संपले म्हणजे प्रत्येकीने 12,000 भरलेले असतात आणि प्रत्येकीला 12,000 मिळालेले असतात. रक्कम किती मिळणार हे आधीच ठरलेले असते. चिठ्ठी ठरविते तो केवळ क्रम. जिला पहिल्या महिन्यात पैसे मिळाले तिला बिनव्याजी कर्ज मिळाले, आणि शेवटची जी आहे तिची बचत झाली. केरळात अशा व्यवहाराला कुरी किंवा चिट्टी म्हणतात. तेथे ती इतकी रुजलेली आहे की 1969 साली राज्य शासनाने त्रिशूर येथे त्यासाठी स्वतःची एक वित्तसंस्था स्थापन केली. अशा व्यवहारांचे नियमन करणारा चिट फंड कायदा संसदेने 1982 साली केला.

त्याआधी, 1978 साली, संसदेने बक्षीस चिट योजनांवर मात्र बंदी घातली होती. या योजना दिसायला भिशीसारख्याच असत, पण त्यांचे अंतरंग वेगळे होते. ज्याचे नाव निघे त्याला बक्षीस मिळे आणि पुढील हप्ते माफ होत. बाकीच्यांना शेवटी फार तर त्यांचे मुद्दल, तेही व्याजाविना, परत मिळे. मधल्या काळात सर्वांचा पैसा चालक वापरीत असे. एकाच प्रकारच्या दिसणाऱ्या दोन सोडतींपैकी एकीला कायद्याने चौकट दिली आणि दुसरीला हद्दपार केले. पैसा अखेर कोणाकडे जातो, हाच काय तो दोहोंतील फरक.

उत्पन्नाचे साधन

लोककार्यासाठी तिकिटे विकून पैसा उभारण्याची कल्पना आपल्याकडे इंग्रजी अमलात दृढ झाली. खुद्द इंग्लंडात ब्रिटिश म्युझियमच्या स्थापनेसाठी 1753 च्या कायद्याने लॉटरी काढण्यात आली होती. कलकत्त्याचे टाउन हॉल 1813 साली पुरे झाले ते लॉटरीच्या पैशांतून. पुढे 1817 साली त्या शहरात लॉटरी समितीच नेमली गेली, आणि तिच्या निधीतून रस्ते व तलाव झाले. पण इंग्लंडात लोकमत फिरले, 1826 साली तेथील सरकारी लॉटरी बंद पडली, आणि कलकत्त्याची समितीही 1836 नंतर राहिली नाही. भारतीय दंड संहितेत 1870 साली एक कलम घालून सरकारने न चालविलेल्या किंवा मान्यता न दिलेल्या लॉटरीचे कार्यालय चालविणे हा गुन्हा ठरविण्यात आला.

स्वातंत्र्यानंतर हा धागा केरळने पुन्हा उचलला. अर्थमंत्री पी. के. कुंजू यांच्या पुढाकाराने 1967 साली केरळ राज्य लॉटरी सुरू झाली. पहिले तिकीट 1 रुपयाचे होते, पहिले बक्षीस 50,000 रुपयांचे, आणि पहिली सोडत 26 जानेवारी 1968 रोजी निघाली. करवाढ न करता शासनास उत्पन्न मिळावे आणि तिकिटे विकून गरिबांना उपजीविका लाभावी, असा दुहेरी हेतू होता. दुसरा हेतू पोकळ नव्हता. अपंग, वृद्ध व बेकार अशा असंख्य लोकांच्या घरची चूल या विक्रीवर पेटली आहे. महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी लवकरच केरळचा कित्ता गिरविला. महाराष्ट्राची लॉटरी 1969 साली निघाली. मटक्याच्या नादी लागलेला पैसा अधिकृत मार्गाकडे वळावा, हाही तिचा एक उद्देश होता.

आता थोडे गणित करू. समजा, 50 रुपयांची 1 कोटी तिकिटे विकली गेली. जमा झाले 50 कोटी. त्यांपैकी निम्मे बक्षिसांत वाटले असे धरले, तर दर तिकिटामागे सरासरी 25 रुपये परत येतात. उरलेल्या 25 रुपयांत विक्रेत्याची दलाली, छपाई, कर आणि शासनाचे उत्पन्न येते. एका तिकिटाला पहिले बक्षीस लागण्याची शक्यता 1 कोटीत एक. रोज एक तिकीट घेणारास हे बक्षीस लागण्यासाठी सरासरीने 27,000 वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागेल. अधिक तिकिटे घेतली तर लाभ होईल, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु ॲडम स्मिथने 1776 सालीच याच्या नेमके उलट दाखवून दिले होते. सर्व तिकिटे एकाच माणसाने घेतली तर त्याला सर्व बक्षिसे मिळतील खरी, पण 50 कोटी देऊन 25 कोटी मिळाल्याने त्याचे 25 कोटींचे नुकसान अगदी निश्चित होईल.

तरीही लोक तिकीट घेतात, याला केवळ अज्ञान म्हणणे बरोबर नाही. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली मांडलेल्या सिद्धांतानुसार, अत्यल्प शक्यतेला मनुष्य मनात तिच्या योग्यतेपेक्षा अधिक वजन देतो. शिवाय ज्याला मुलीच्या लग्नासाठी किंवा घरासाठी एकदम मोठी रक्कम मिळण्याचा दुसरा मार्गच दिसत नाही, त्याला हे तिकीट म्हणजे आठवडाभर पुरणारी आशा वाटते. पण म्हणूनच प्रश्न गंभीर होतो. दिवसाला 500 रुपये मिळविणाऱ्या मजुराने 50 रुपयांचे तिकीट घेतले तर त्याच्या कमाईचा दहावा भाग गेला. 5,000 मिळविणाऱ्याचा शंभरावा गेला. आयकराचे तत्त्व असे की ज्याची ऐपत अधिक त्याने अधिक वाटा द्यावा. येथे त्याच्या उलट घडते. आणि देणारा तो स्वेच्छेने देत असल्याने त्याला कर म्हणावे, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच.

1990 नंतरच्या दशकात एक अंकी लॉटऱ्यांनी हे अधिक उघड केले. त्यांचा निकाल झटपट लागे, आणि सकाळची मजुरी संध्याकाळपर्यंत संपे. 1998 च्या लॉटरी नियमन कायद्याने एक अंकावरील बक्षिसांना मनाई केली, कोणत्याही लॉटरीची आठवड्यातून एकाहून अधिक सोडत काढण्यास बंदी घातली, आणि सोडत राज्य शासनानेच काढावी असे बंधन घातले. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविताना स्पष्ट केले की, राज्याने चालविली म्हणून लॉटरीचे जुगारी स्वरूप नाहीसे होत नाही. आणि परराज्यांच्या तिकिटांना बंदी करावयाची असेल तर राज्याने आधी आपली लॉटरी बंद करावी. तमिळनाडूने 2003 साली आणि कर्नाटकाने 2007 साली तो मार्ग पत्करला. केरळने पत्करला नाही. उलट 2011 नंतर कारुण्य नावाच्या लॉटरीचे उत्पन्न गरिबांच्या मोठ्या आजारांवरील उपचारांकडे वळविले. गरिबाकडून आलेला पैसा गरिबाकडे परत जावा, हा विचार सहृदय आहे. मात्र रुग्णाचा खर्च भागविण्याची जबाबदारी समाजातील सधनांनी उचलावी की तिकीट घेणाऱ्या दुसऱ्या मजुराने, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

सवय लावण्याचे साधन

सोडतीचा तिसरा उपयोग म्हणजे लोकांकडून एखादी इष्ट गोष्ट करविणे. ब्रिटनने 1956 साली काढलेल्या प्रीमियम बाँडमध्ये ठेवीदाराचे मुद्दल सुरक्षित राहते. व्याजाचा मात्र एकत्र साठा करून सोडतीने बक्षिसे दिली जातात. भारत सरकारनेही 1960 साली अशा बक्षीस रोख्यांचा प्रयोग केला. येथे हरणाराचे फक्त व्याज जाते, आणि बचत घडतेच.

विक्रीकराच्या वसुलीसाठी तैवानने 1951 साली याहून चतुर युक्ती योजली. दुकानदाराच्या प्रत्येक पावतीला क्रमांक दिला आणि त्या क्रमांकांची सोडत काढली. ग्राहक पावती मागू लागला, आणि पावती फाडली की विक्री लपविणे कठीण झाले. हजारो निरीक्षकांचे काम ग्राहकांनी विनावेतन केले. भारतात 2023 च्या सप्टेंबरात आसाम, गुजरात, हरयाणा आणि काही केंद्रशासित प्रदेशांत ‘मेरा बिल मेरा अधिकार’ ही योजना प्रायोगिक स्वरूपात आली, तीही याच तत्त्वावर. त्याआधी, 25 डिसेंबर 2016 ते 14 एप्रिल 2017 या काळात, रोखीविना व्यवहार करणाऱ्या 15,000 ग्राहकांना रोज प्रत्येकी 1,000 रुपये देण्याची योजना केंद्राने राबविली होती. या सर्वांत ग्राहकाने जो खर्च केला तो त्याला करावयाचाच होता. बक्षीस न लागले तरी वस्तू त्याच्या घरी आलेली असते.

पारितोषिक कोठे फळते

सोडतीत दैव फळते, पारितोषिकात कर्तृत्व. समुद्रावर रेखांश कसा ओळखावा, यासाठी ब्रिटिश संसदेने 1714 साली 20,000 पौंडांचे पारितोषिक जाहीर केले. विद्वानांचे डोळे आकाशातील ताऱ्यांकडे लागले होते. प्रश्न सोडविला तो जॉन हॅरिसन या सुतारकाम जाणणाऱ्या घड्याळजीने, अचूक सागरी घड्याळ बनवून. परीक्षा घेणे शक्य होते, आणि उपाय एकदा सापडला की तो कायमचा सापडला. अशा कामी पारितोषिकाइतके स्वस्त साधन नाही, कारण अपयशी प्रयत्नांचा खर्च शासनावर पडत नाही.

सवयींचे मात्र तसे नसते. महाराष्ट्रात 2000-01 साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात गावागावांनी स्पर्धेच्या निमित्ताने श्रमदान केले आणि ज्यांना बक्षीस मिळाले नाही ती गावेही पुष्कळ स्वच्छ झाली. केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कार 2003 साली जाहीर झाला. 2005 साली जेमतेम 40 पुरस्कार दिले गेले. 2008 साली हा आकडा 12,000 च्या वर गेला. पण नंतरच्या पाहण्यांत असे आढळले की पुरस्कृत गावांतही अनेकांकडे शौचालय नव्हते किंवा असून वापरात नव्हते. तपासणीच्या दिवसापुरती तयारी झाली, पुरस्काराचा फलक लागला, आणि काही कुटुंबे पुन्हा उघड्यावर जाऊ लागली. गावाला पुरस्कार एकदाच मिळतो, शौचालय मात्र रोज वापरावे लागते. पाण्याची सोय, मैला उपसण्याची व्यवस्था आणि शेजाऱ्यांचा आग्रह यांवाचून ही सवय टिकत नाही.

या विवेचनावरून कोणतीही योजना पारखण्यासाठी काही साधे प्रश्न हाती येतात. भाग घेणारास काय पणाला लावावे लागते? न जिंकल्यास त्याच्याकडे काय उरते? सोडत सर्वांसमक्ष निघते काय, आणि पारितोषिक असल्यास फळ मोजता येते काय? बक्षीस थांबल्यावर इष्ट वर्तन टिकेल काय? उत्तिरमेरूरचा घट, शाळाप्रवेशाची सोडत, घरची भिशी आणि दुकानातील पावती या कसोटीस बहुतांशी उतरतात. मजुरीच्या पैशांतून घेतलेले तिकीट उतरत नाही, मग त्यावर शासनाची मुद्रा असो वा नसो. ते बंद करावयाचे तर विक्रेत्याला दुसरा व्यवसाय, आणि घेणाऱ्याला अडचणीच्या वेळी मोठी रक्कम मिळण्याचा दुसरा भरवशाचा मार्ग, या दोन्ही गोष्टी शासनाने आधी पुरविल्या पाहिजेत. सुलभ कर्ज, आरोग्यविमा आणि नियमित बचत यांची सोय जसजशी खेड्यापाड्यांत पोहोचेल, तसतशी तिकिटावर विसंबून राहण्याची गरजही कमी होत जाईल.