रिकामा वाटलेला शंख

तो शंख मी स्वतःच्या हातानं उकळत्या पाण्यात टाकला. सकाळी टाकीच्या वाळूवर खेकडा शंखाबाहेर पडलेला दिसला होता. पाय, नांग्या, देठावरचे डोळे, सगळं जिथल्या तिथं, पण हालचाल नाही. मेला असं समजून मी तो बाहेर काढला. त्याचा शंख दुसऱ्या खेकड्यांना उपयोगी पडेल म्हणून उकळायला घेतला. पाणी निवल्यावर त्यातून मऊ देह सुटून आला, तेव्हा कळलं की मी उचलली ती नुसती कात होती. कात टाकल्यावर अंग लोण्यासारखं असतं, कवच पुन्हा कडक होईपर्यंत हा प्राणी शंखात दडून राहतो. मला ते माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायच्या आधीच मी तो जीव घरी आणला होता.

म्हणून नव्यानं शंखखेकडा पाळणाऱ्याला मी पहिली गोष्ट हीच सांगतो. खाणं कमी झालं, खेकडा दगडाआड जाऊन बसला, की त्याला हलवू नका. बाहेर आलेलं अंग पोकळ, वजनाला हलकं आणि वास न येणारं असेल तर ती कात आहे. मेलेला खेकडा लवकर कुजतो, त्याचा वास लपत नाही. शंका असेल तर दोन दिवस थांबा.

आमच्या सेनगावाहून समुद्र गाठायचा तर रात्र प्रवासात जाते. इथं समुद्र म्हणजे आपण बादलीत कालवलेलं पाणी, आणि माझी दुसरी चूक त्या बादलीतच झाली. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळिशीच्या आसपास जातो. खेकड्यांना पाणी 24 ते 27 अंशांचं लागतं, म्हणून मी टाकीवर पंखा लावला. पाणी रोज दोन-तीन लिटर आटू लागलं. खारं पाणी कमी झालं म्हणून मी खारंच पाणी भरत राहिलो. पण वाफ होते ती पाण्याची, मीठ खालीच राहतं. आपल्या कूलरच्या गवतावर पांढरे क्षार साचतात ते दर उन्हाळ्यात पाहूनही मला हे सुचलं नाही. खेकडे सुस्त झाले, दोन गेले, मग मी खारेपणा मोजणारा हायड्रोमीटर आणला. काटा 1.025 च्या आसपास हवा, तो केव्हाच वर गेला होता. आटलेल्या पाण्याची भर गोड्या पाण्यानंच घालायची, रोज थोडी थोडी. पाणी बदलताना मात्र लिटरला साधारण 35 ग्रॅम मत्स्यालयाचं मीठ. स्वयंपाकाच्या मिठानं समुद्र होत नाही, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हवं तेवढं नसतं.

गोडं पाणी म्हणजे बोअरचं नव्हे. त्यात क्षार असतातच, शिवाय शेतातल्या खतांचा नायट्रेट झिरपलेला असू शकतो. आरओचं पाणी वापरा. तांब्याच्या हंड्यातलं पाणी आपल्याला चांगलं म्हणून टाकीत ओतू नका. टाकीतल्या माशांना पांढरे ठिपके आले तेव्हा मला दुकानातून एक औषध मिळालं होतं. घरी येऊन बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं, त्यात कॉपर सल्फेट, म्हणजे बोर्डो मिश्रणात घालतो तेच मोरचूद. मासे त्यातून बरे होतात, खेकडे आणि गोगलगायी मरतात, आणि तांबं वाळूत, दगडात मुरून पुढेही त्रास देतं. ती बाटली मी उघडली नाही. आजारी मासा वेगळ्या टाकीत काढून मगच औषध द्यावं.

नवी टाकी भरली की खेकडे आणायची घाई नको. अमोनिया पचवणारे जिवाणू दगडांवर स्थिरावायला महिना-दीड महिना लागतो. लाइट गेली की पाण्यातला प्राणवायू घटत जातो, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असू द्या. सजावटीला पोवळ्याचा तुकडा किनाऱ्यावरून आणू नका, कठीण पोवळ्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

शंखांचंही मला आता तसंच वाटतं. शंखखेकड्याचं पोट मऊ आणि पिळलेलं असतं, त्यावर कवच नाही. मेलेल्या गोगलगायीचा शंख हेच त्याचं घर, आणि अंग वाढलं की मोठं घर शोधावं लागतं. मिळालं नाही तर तो दुसऱ्याचं हिसकावतो, कधी जिवंत गोगलगायही मारतो. मालवणच्या किनाऱ्यावर मुलांनी आणि मी पिशवीभर शंख वेचले होते. ते तिथल्या खेकड्यांच्या वाट्याचे होते हे तेव्हा मनातही आलं नाही.

त्या पिशवीतले पाच शंख आता टाकीत ठेवले आहेत. उरलेल्या दोन खेकड्यांपैकी मोठा परवा रात्री त्यातल्या एकाशी बराच वेळ थांबला. नांगीनं तोंड चाचपलं, शंख फिरवून पाहिला, आणि एका झटक्यात जुन्यातून नव्यात शिरला. जुना शंख तिथंच पडला आहे. तो मी उचललेला नाही.