मूळ आज्ञावलीपासून पॅकेजपर्यंत : अवलंबनांची उकल

विदर्भाची पंढरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शेगावात १९८३ साली श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले. त्याच वर्षी अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. संगणकाची आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता व वाटता यावी, हा त्या प्रकल्पाचा हेतू होता. १९९१ मध्ये हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरव्हाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला आणि त्या हेतूला संपूर्ण कार्यप्रणालीचे रूप लाभले. शेगावसारख्या गावी संगणकशास्त्राचे धडे घेणाऱ्या विद्यार्थ्यालाही ही आज्ञावली विनामूल्य उपलब्ध आहे. मात्र तिची बांधणी स्वतः करता आली, तरच बदल करण्याचे स्वातंत्र्य प्रत्यक्षात उतरते.

बांधणीचे टप्पे

मूळ आज्ञावली ही माणसाने वाचावी अशी संहिता असते. कंपायलर तिचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. रूढ पद्धतीत या कामाचे तीन टप्पे आहेत. 'कॉन्फिगर' ही आज्ञा आवश्यक साहित्य यंत्रावर आहे की नाही ते तपासते, 'मेक' बांधणी करते आणि 'मेक इन्स्टॉल' तयार वस्तू योग्य जागी ठेवते. 'मेक' हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये निर्माण केले. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे याचा हिशेब ठेवून बदललेला भाग तेवढाच ते पुन्हा बांधते. अलीकडच्या अनेक प्रकल्पांत हे काम 'मेसन' व 'निंजा' ही साधने करतात.

अडचण बहुधा पहिल्याच टप्प्यावर येते. शेगावहून आषाढीसाठी पंढरपूरला पायी निघणारी श्रींची पालखी मुक्कामी पोहोचण्यापूर्वी तेथे पाणी, शिधा व निवारा सिद्ध असावा लागतो. तद्वतच एखादे पॅकेज बांधण्यापूर्वी त्याला लागणाऱ्या लायब्ररी यंत्रावर सिद्ध असाव्या लागतात. यालाच अवलंबन म्हणतात. त्या लायब्ररींचीही स्वतःची अवलंबने असतात. म्हणून बांधणीचा क्रम चुकला की काम थांबते.

देवनागरीचे उदाहरण

'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. हा भेद पडद्यावर अचूक उमटण्यासाठी योग्य फाँटबरोबरच अक्षरांची जुळणी करणारी 'हार्फबझ' ही लायब्ररी लागते. लिनक्सवरील अनेक कार्यक्रमांत मजकुराची मांडणी करणारी 'पँगो' ही लायब्ररी हार्फबझवर विसंबते. फाँटमधील आकृत्या वाचण्यासाठी 'फ्रीटाइप' लागते.

येथे एक पेच आहे. हार्फबझच्या बांधणीत फ्रीटाइपचा आधार घेतला जातो, तर फ्रीटाइपलाही पूर्ण क्षमतेसाठी हार्फबझ हवी असते. आधी कोणती बांधावी? प्रचलित तोडगा असा : प्रथम हार्फबझशिवाय फ्रीटाइप बांधावी, मग तिच्या आधारे हार्फबझ बांधावी आणि शेवटी फ्रीटाइप पुन्हा बांधावी. अनिवार्य अवलंबन कोणते व ऐच्छिक कोणते हे ओळखले, की असे चक्र सुटते.

ध्यानात ठेवावयाच्या बाबी

बांधणी थांबल्यास त्रुटीचा पहिला संदेश नीट वाचावा. पुढचे संदेश पुष्कळदा त्याचेच परिणाम असतात. लायब्ररी यंत्रावर असूनही ती सापडत नाही असा संदेश आल्यास, बांधणीसाठी लागणाऱ्या हेडर फाइलींचे स्वतंत्र पॅकेज राहून गेलेले असण्याचा संभव असतो. डेबियनमध्ये अशा पॅकेजच्या नावाअखेर 'डेव्ह' आणि फेडोरात 'डेव्हेल' असते. लायब्ररीची आवृत्तीही तपासावी. जुनी आवृत्ती असणे हे नसण्यासारखेच ठरू शकते.

डेबियनच्या १९९९ मधील २.१ या आवृत्तीपासून 'अ‍ॅप्ट' हे साधन अवलंबने आपोआप शोधून आणते. मूळ आज्ञावलीचे भांडार जोडलेले असल्यास त्याची 'बिल्ड-डेप' ही आज्ञा एखाद्या पॅकेजच्या बांधणीचे सर्व साहित्य एकत्र आणून देते. म्हणून नित्य वापरासाठी तयार पॅकेजच घ्यावे. स्वतः बांधलेले सॉफ्टवेअर वेगळ्या निर्देशिकेत ठेवावे. प्रणालीच्या मूळ लायब्ररींवर ते लादल्यास इतर कार्यक्रम बंद पडण्याचा धोका असतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न उद्भवणे स्वाभाविक आहे. 'दऱ्या'च्या जागी 'दर्या' उमटला, तर तो दोष मराठी न जाणणाऱ्याच्या दृष्टीस पडणार नाही. तो मराठी वाचकालाच दिसेल. परंतु केलेली दुरुस्ती खरोखर चालते की नाही, हे आज्ञावली बांधून पाहिल्यावाचून ठरत नाही. दोष ओळखणारी दृष्टी आणि बांधणीचे कौशल्य ही दोन्ही एकाच ठिकाणी असतील, तर मराठीला दुरुस्तीसाठी इतरांची वाट पाहावी लागणार नाही.