ताटाची निवड

अन्नाची गोडी जिभेच्या आधी डोळ्यांस कळते. म्हणून पात्राची निवड हाही पाकशास्त्राचाच भाग होय, असे आम्ही समजतो. केळीच्या हिरव्या पानावर पांढरा भात व पिवळे वरण जसे खुलते, तसे पांढऱ्या बशीत खुलत नाही. पानाच्या डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, पातळ पदार्थांस वाटी.

तथापि शोभेपायी आरोग्य विसरू नये. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत घडणारी तांब्याची भांडी देखणी खरी. परंतु कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेविल्यास आंबटपणामुळे धातू अन्नात उतरतो व पदार्थ कळकतो. नुसते लखलखीत घासलेले ताट निर्दोष ठरत नाही. म्हणून आधी कथिलाचा पांढरा थर शाबूत आहे का ते पाहावे, मग वाढावे.