दहावा माणूस

कोर्लई धर्मग्रामाच्या समितीवर नव्याने निवडल्या गेलेल्या चि. भाच्यास,


समितीचे काम अंगावर घेणाऱ्याने प्रथम ‘मंडळी’ हा शब्द नीट समजून घ्यावा. मराठी बायबलमध्ये तो ‘एक्लेसिया’ या ग्रीक शब्दासाठी योजलेला असून मूळ शब्दाचा अर्थ बोलावून एकत्र आणलेली सभा असा आहे. त्यात भिंत, घंटा किंवा मनोरा यांपैकी काहीच येत नाही. रोजच्या बोलण्यातही ‘मंडळी जमली’ म्हटले की माणसेच डोळ्यांसमोर येतात, आणि धर्मग्राम, म्हणजे एका धर्मगुरूच्या देखरेखीखालील श्रद्धावंतांचा समुदाय, टिकेल की विरेल याचा निवाडा अखेर याच अर्थाने होतो.

याचा दाखला शोधायला कोर्लईहून लांब जावे लागत नाही. 1740 मध्ये पोर्तुगीजांचे चौल मराठ्यांकडे गेले, तेव्हा ‘पाद्रोआदो’चा, म्हणजे धर्मगुरू नेमण्याचा हक्क आणि ख्रिस्ती देवळांचा भार या दोन्ही गोष्टी पोर्तुगालच्या राजाकडे सोपवणाऱ्या व्यवस्थेचा, किनाऱ्यावरचा सत्तेचा आधार सुटला. चौलच्या, म्हणजे आजच्या रेवदंड्याच्या, तटबंदीतील भव्य देवळे ओस पडली व त्यांचे अवशेष आज माडांच्या वाड्यांत उभे आहेत. परंतु कुंडलिका नदीच्या पलीकडे, कोर्लईच्या डोंगराच्या पायथ्याशी, सत्ता किंवा संपत्ती यांपैकी काहीच हाती नसलेली कष्टकरी माणसे मागे राहिली, आणि कार्मेल मातेचे देऊळ व पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, ही दोन्ही त्यांच्याच वंशजांनी सांभाळली. राजाश्रय गेल्यावर दगड ढासळले, वहिवाट मात्र राहिली, हे समितीतील प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

ही वहिवाट कशी चालते, ते पावसाळ्यात पाहावे. कार्मेल मातेचा सण उपासनेच्या दिनदर्शिकेत 16 जुलैला, म्हणजे भातलावणीच्या ऐन धांदलीत येतो. त्या दिवसांत गुडघाभर चिखलातून उठून कोणी दार उघडते, कोणी गळक्या कौलाखाली बादली ठेवते, कोणी वेदीवरचे ओलसर झालेले कापड बदलते आणि कोणी गायनाच्या वह्या कोरड्या कोपऱ्यात हलवते. यांपैकी एकाचेही नाव सूचनाफलकावर लागत नाही, पण यांतला एक जरी आला नाही तरी मिस्सा, म्हणजे भाकर व द्राक्षारसाच्या अर्पणाची मुख्य उपासना, अडखळत सुरू होते. म्हणून समितीने कामे चार होतकरू माणसांवर न लादता घरोघरी वाटावीत, आणि शेजारच्या काही कुटुंबांनी मिळून प्रार्थना व परस्परांची विचारपूस करण्यासाठी जमणारे ‘छोटे ख्रिस्ती समूह’ जिवंत ठेवावेत, कारण आजारी म्हातारी रविवारी दिसली नाही हे समितीच्या आधी शेजारणीला कळते.

भाषेच्या बाबतीत विशेष जपावे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962–65) लोकभाषेत उपासनेची मुभा दिल्यानंतर कोर्लईच्या देवळात मराठी रुजली आणि घरात ‘नो लिंग’ राहिली. ही विभागणी सोयीची असली तरी शाळा, नोकरी व मुंबईची वाट यांमुळे घरातली बाजू लंगडी पडते. उपासना समजेल अशाच भाषेत असावी, यात शंका नाही. तथापि आजीला ज्या शब्दांत प्रार्थना येते ते शब्द नातवाने लाजेने टाकू नयेत, आणि समितीनेही ते सणाच्या गाण्यांत व लग्नघरांत चालू ठेवावेत.

हिशेबाला कोणी कमी लेखू नये. वर्गणी किती जमली, कौलांवर किती खर्च झाला आणि शिल्लक काय राहिली, हे ठरलेल्या दिवशी सर्वांसमोर वाचून दाखवणारी समिती भांडणाचे मूळच उपटते. न वाचलेला हिशेब प्रामाणिक असला तरी संशयाला वाव देतो. तसेच, प्रत्येक जबाबदारीला एक शिकाऊ जोडीदार असावा, कारण जो माणूस आपल्या हातचे काम दुसऱ्याला शिकवत नाही तो मंडळीला आपल्या वयाएवढेच आयुष्य देतो.

यापुढचा धडा शेजाऱ्यांकडून घ्यावा. रेवदंड्याला बेने इस्राएल ज्यूंचे प्रार्थनास्थळ, म्हणजे सिनेगॉग, आहे. त्यांच्या परंपरेत सामुदायिक प्रार्थनेच्या काही भागांसाठी किमान दहा प्रौढ पुरुष लागतात, आणि या संख्येला ‘मिन्यान’ म्हणतात. 1948 नंतर त्या समाजाचा मोठा भाग इस्राएलला गेला, आणि कोकणातल्या अनेक सिनेगॉगना हे दहा जण जमवणेही कठीण झाले. यात त्या समाजाचा दोष नाही. श्रद्धा घटली म्हणूनच समुदाय क्षीण होतो असे नसून माणसे पोटासाठी व भविष्यासाठी निघून जातात, हेही एक कारण असते. कोर्लईची तरुण मुले मुंबईला जातात त्यांना थांबवता येणार नाही. परंतु सणाला त्यांच्यासाठी एखादे काम राखून ठेवता येते, जेणेकरून ती पाहुणी म्हणून न येता मंडळीतली म्हणून येतील.

म्हणून समितीवर बसणाऱ्याने पहिल्या ओळीतील मानाची जागा मोजू नये. नऊ जमले आहेत आणि पाऊस कोसळतो आहे अशा वेळी छत्री घेऊन निघणाऱ्या दहाव्या माणसावर मंडळी उभी असते. तो दहावा चिरंजीवाने स्वतः व्हावे, आणि अकरावा तयार करावा.

मामाचे आशीर्वाद.